डिस्कव्हरी २ च्या मागच्या हवेच्या फुग्यांचं काम: नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

गाडी लँड रोव्हर डिस्कव्हरी २, टीडी५ डिझेल, २००१ सालची, सात आसनांची. आम्ही राहतो शेफील्डला. या गाडीच्या मागच्या आसाला स्प्रिंगा नाहीत, त्यांच्या जागी दोन रबरी फुगे आहेत. चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बाहेरून लावलेल्या प्लॅस्टिकच्या पेटीत हवा भरणारा कॉम्प्रेसर, आणि दोन्ही बाजूंना गाडीची उंची सांगणारा एकेक सेन्सर. मागे माणसं बसली, सामान भरलं की बूड खाली जातं, सेन्सरला ते कळतं, कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी पुन्हा सपाट होते. गाडीच्या पुस्तकात याला एसएलएस, म्हणजे सेल्फ लेव्हलिंग सस्पेन्शन, म्हणतात. ही सगळी करामत आणि एबीएस ब्रेक एकाच कॉम्प्युटरच्या हाती असतात.

कुणाला हेच काम स्वतः करायचं असेल तर माझे जे दिवस वाया गेले ते त्याचे जाऊ नयेत, म्हणून या नोंदी.

शनिवार, २९ जून

गेले दोन आठवडे सकाळी गाडी डाव्या बाजूला मागे बसलेली दिसते. आज तर टायर आणि वरची कमान यांच्यात हात घालायला जागा नव्हती. इंजिन चालू केलं की दीड मिनिटात उठते. उठताना कॉम्प्रेसर खरखरतो आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मधूनमधून लागतो.

कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून तोच गेला असं मी ठरवून टाकलं. भंगारातून निघालेला एक ८५ पौंडांना मागवला. पुढचे दोन आठवडे या एका निर्णयात गेले. गाडी रात्रभर उभी असताना बसते, आणि त्या वेळी कॉम्प्रेसर बंदच असतो, एवढा साधा विचार मी केला नाही.

शनिवार, ६ जुलै

कॉम्प्रेसर बदलला. पाच तास लागले. काम तसं तासाभराचंच, पण पेटीचे बोल्ट तेवीस वर्षांच्या मिठाच्या रस्त्यांनी जाम केलेले. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, ते सगळं या पेटीवर उडतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी एक बोल्ट तुटला. ड्रिल मारून काढावा लागला, त्यासाठी ११ पौंडांचे नवे बिट.

पेटीच्या आत कॉम्प्रेसर रबराच्या पायांवर बसलेला असतो. हवेच्या नळ्या ६ मिलिमीटरच्या नायलॉनच्या. नळी काढताना जोडाची कडी आत दाबून धरायची आणि नळी सरळ ओढायची, वाकडी नाही. कुठली नळी डाव्या फुग्याची, कुठली उजव्या, यावर आधी चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं. दिवसभरात तेवढी एक गोष्ट नीट केली.

संध्याकाळी आवाज खूपच कमी झाला. मी खूश.

रविवार, ७ जुलै

सकाळी गाडी पुन्हा डावीकडे बसलेली.

दुपारी कोल्हापूरला मामांना फोन केला. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. गाडी त्यांनी कधी पाहिलेली नाही, पण मी फुग्याचं वर्णन केल्यावर म्हणाले, "शिवनेरीला बेलो असतात, तसलंच की रे हे. हवा भरत्येय न्हवं? मग पंप बरा हाय. आधी पंक्चर हुडक. ट्यूब टपात बुडवल्याबिगर कुणी पंप बदलतंय व्हय?"

मी गप्प बसलो. ते बरोबर होते.

बुधवार, १० जुलै

मोजमाप केलं. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप लावला. रात्री नऊला डावी ४९८ मिलिमीटर, उजवी ५००. यंत्रणेनं मध्येच स्वतःहून काही करू नये म्हणून बॅटरीची ऋण तार काढून ठेवली. (तार काढण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे ना ते पाहा. मला तो शोधायला अर्धा तास लागला.) सकाळी सातला डावी ४२८, उजवी ४९१.

म्हणजे डावा फुगा गळतोच आहे, पण उजवाही पूर्ण शाबूत नाही. एका रात्रीत ९ मिलिमीटर. डोळ्यांना हे दिसलं नसतं. दोन्ही बाजू मोजा, आणि आकडे कागदावर लिहा.

शनिवार, १३ जुलै

साबणाचं पाणी. भांडी घासायचा साबण फवारणीच्या बाटलीत, जरा दाटच. गाडी उंच करायचं बटण दाबलं, त्यानं मागचा भाग ४० मिलिमीटर वर जातो. हे महत्त्वाचं आहे. फुगा खालच्या प्लॅस्टिकच्या दट्ट्यावर दुमडून बसतो, झब्ब्याची बाही आतून दुमडावी तसा. चिरा पडतात त्या नेमक्या त्या दुमडीत. गाडी नेहमीच्या उंचीवर असली तर चीर घडीच्या आत लपते. उंच केली की घडी उलगडते.

वर केल्यावर चॅसिसखाली दोन्ही बाजूंना ॲक्सल स्टँड लावले आणि मगच खाली शिरलो. नुसत्या फुग्याच्या भरवशावर असलेल्या गाडीच्या चाकाकमानीत हात किंवा डोकं घालू नका. फुगा फुटला तर दोन टनांहून जड गाडी क्षणात खाली येते.

आधी जोड तपासले, तिथे काही नाही. मग फुग्यावर टॉर्चचा उजेड टाकून फवारा मारला. पहिल्यांदा काहीच नाही. मिनिटभराने दुमडीच्या रेषेवर मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत उभे राहिले, जवळजवळ चार बोटं लांब. कान लावला तरी आवाज नव्हता. रबरावर कोरड्या तळ्यासारख्या बारीक भेगा, आणि त्यातली एक आरपार. उजव्यावरही भेगा होत्या, बुडबुडे मात्र अगदी थोडे.

जुना कॉम्प्रेसर शेडमध्ये पडला होता. तो सुट्या बॅटरीला जोडून बघितला आणि हवा बाहेर पडते तिथे अंगठा ठेवला. अंगठा सरळ ढकलून दिला त्यानं. यंत्र धडधाकट होतं. रोज गळकं भांडं भरत होतं म्हणून खरखरत होतं.

रविवार, १४ जुलै

शेजारचे काका निवृत्त फिटर आहेत. त्यांच्याकडे पूर्वी जुनी रेंज रोव्हर होती. तिच्यात मागच्या आसावर बोगे कंपनीचं एक युनिट असायचं. त्याला ना पंप लागे, ना वायर, रस्त्याच्या हिसक्यांनीच ते स्वतःला पंप करून गाडी वर उचलायचं. त्यांचं मत असं, की फुगे काढून साध्या स्प्रिंगा टाक आणि मोकळा हो. संच सव्वाशे पौंडांच्या आसपास मिळतो. पुष्कळ लोक तेच करतात, आणि ज्यांच्या मागे वजन कधी नसतं त्यांच्यासाठी ते ठीकच आहे. दिवा विझवायला मात्र कॉम्प्युटरला यंत्रणा काढल्याचं निदानयंत्रातून सांगावं लागतं, आणि विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो.

मी फुगेच ठेवायचं ठरवलं. ही गाडी ब्रेक असलेला साडेतीन टनांचा ट्रेलर ओढू शकते म्हणूनच मी ती घेतली. दर वर्षी मंडळाच्या गणपतीचं सगळं सामान, मखर, स्टेजच्या फळ्या, पातेली, आमच्याच ट्रेलरमधून जातं आणि मागे पाच माणसं बसतात. स्प्रिंगा त्या वजनाला कडक घ्याव्यात तर उरलेले अकरा महिने रिकामी गाडी उडत राहते. नरम घ्याव्यात तर ट्रेलर जोडल्यावर पुढचे दिवे आभाळाकडे बघतात. यंदा गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे. तोवर गाडी उभी राहिली पाहिजे.

शनिवार, २० जुलै

सगळ्यात वाईट दिवस. सविस्तर लिहितो, कारण पुस्तकात हे मला कुठे सापडलं नाही.

स्वस्तातली फुग्यांची जोडी ६२ पौंडांना घेतली होती. चाक काढलं, कमानीचं आतलं प्लॅस्टिक काढलं, चॅसिस स्टँडवर, आस जॅकवर. आधी हवा सोडून नळी काढली. फुग्याच्या माथ्यावर दोन खुंट्या असतात, त्या चॅसिसच्या कपातून वर येतात आणि तिथे एकेक स्प्रिंग क्लिप बसते. डावीकडच्या दोन्ही क्लिपा गंजून खुंटीला चिकटलेल्या. एक पक्कडीत तुटली. नव्या क्लिपा आधीच मागवून ठेवा, ९ पौंडांत चार मिळतात. खालचा भाग आसावरच्या बैठकीत पाव फेरा फिरवून सुटतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढले म्हणजे आस पुरेसा खाली येतो, पण तो ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका, खाली जॅक राहू द्या.

दोन्ही नवे फुगे बसले. नळ्या जोडल्या, दारं लावली, इंजिन चालू केलं. कॉम्प्रेसर हलेना. अर्धा तास फ्यूज, रिले, वायरी तपासत बसलो. सगळं ठीक.

मग उलगडलं. आस खाली लोंबकळतोय आणि चॅसिस स्टँडवर उंच आहे. सेन्सरच्या दृष्टीनं गाडी आधीच फार वर आहे, तर तो हवा कशाला मागेल? यंत्रणा आपलं काम बरोबर करत होती.

इथवर ठीक होतं. पुढे मी घाई केली. उंची कमी दिसली की हवा भरेल, म्हणून स्टँड काढून गाडी सरळ खाली सोडली, फुगे रिकामे असतानाच. कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला आणि गाडी वर आली. पण रिकामं रबर वजनाखाली दट्ट्यावर नीट गुंडाळलं गेलं नव्हतं. डावीकडे एका बाजूला आडवी चुणी पडली होती, इस्त्री करताना कापड दुमडून राहावं तशी. हवा भरल्यावर ती जवळजवळ गेली, आणि मी ते चालवून घेतलं.

नऊ तास.

बुधवार, ३१ जुलै

सकाळी डावी बाजू खाली. साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे बरोबर त्या चुणीच्या रेषेवर. विकणाऱ्याला परत पाठवावा असं आधी मनात आलं, पण खूण माझ्याच चुकीची होती. माल स्वस्त होता हे खरं, तरी तो फाटला मी रिकाम्यावर वजन टाकलं म्हणून.

शनिवार, ३ ऑगस्ट

आज फुगे काढून फक्त चॅसिस बघितलं. या गाडीत मागच्या आसाच्या पुढेमागे चॅसिस कुजणं ही सगळ्यात मोठी व्याधी आहे. इंजिन लाखो मैल चालतं आणि खालचा लोखंडी सांगाडा हातात येतो. हातोडीनं टकटक करत गेलो. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा भद्द. उजव्या बाजूला, आसाच्या मागे, एका जागी हातोडीचं टोक आत गेलं. तळहाताएवढा तुकडा.

फुग्याच्या वरच्या कपात गंजाचे पापुद्रे साठले होते. ते फुग्याच्या माथ्यावर घासत राहतात. तारेच्या ब्रशनं लोखंड उघडं केलं, जस्ताचा प्रायमर, त्यावर काळा रंग, शेवटी मेण. वेल्डिंग मात्र माझ्या हातचं काम नाही. मंगळवारी एका वेल्डरनं तुकडा कापून नवा पत्रा लावला, १६० पौंड. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची तार काढलेली असू द्या, आणि फुगा जवळ असेल तर तो काढूनच ठेवा.

शनिवार, १० ऑगस्ट

या वेळी डनलॉपचे फुगे, एकेक ७४ पौंडांचा. रबर हाताला जाड आणि लवचीक लागतं.

नवी युक्ती अशी, की प्रत्येक फुग्याच्या नळीत एक टी जोड घातला आणि त्याच्या तिसऱ्या तोंडाला सायकलच्या दुकानात ओळखू येईल असा टायरचा व्हॉल्व्ह. दोन्ही मिळून १४ पौंड. आता कॉम्प्युटरची मर्जी न सांभाळता पायपंपानं फुगा भरता येतो. वाटेत कॉम्प्रेसर बंद पडला तरी घरी येता येईल.

क्रम असा ठेवला. चॅसिस स्टँडवर. फुगा वर क्लिपांनी आणि खाली पाव फेरा देऊन बसवला. आस जॅकनं हळूहळू वर आणला, नेहमीच्या उंचीपेक्षा थोडा खालीच ठेवून. वर आणताना रबर दट्ट्यावर चहूबाजूंनी सारखं दुमडतंय ना, ते बोटांनी चाचपत राहिलो. पायपंपानं थोडी हवा भरली, रबराला आकार येईपर्यंतच. दुमड गोल आणि सारखी दिसल्यावर पुन्हा थोडी. मग दुसरी बाजू तशीच. चॅसिस आता अंशतः फुग्यांवर होतं. मग जॅकनं स्टँड मोकळे केले आणि गाडी बोटबोट खाली घेतली. शेवटी दारं लावून इंजिन चालू केलं. कॉम्प्रेसर वीस सेकंद चालला आणि थांबला. गाडी सरळ उभी.

साबणाच्या पाण्यात उजव्या टी जोडाला मात्र बुडबुडे. मी नळी साध्या कटरनं कापली होती, त्यानं टोक चपटं झालं होतं. नायलॉनची नळी धारदार पात्यानं काटकोनात कापायची, टोक गोलच राहिलं पाहिजे. एक सेंटिमीटर पुन्हा कापून आत पुरतं दाबलं. बुडबुडे बंद.

सहा तास, पण शांतपणे.

शनिवार, १७ ऑगस्ट

आठवड्याभरात रात्रीतून कुठलीच बाजू मिलिमीटरभराहून खाली गेली नाही. पण उजवी ५०० आणि डावी ५१२. तेवढ्यानं गाडी चालवायला काही होत नाही, तरी मला ते डोळ्यांत सलत होतं. सेन्सरचा दांडा काढून बसवताना जरा हलला असणार.

एका ओळखीच्याकडून नॅनोकॉम उसना आणला. हे यंत्र गाडीच्या सॉकेटला जोडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या वर-खाली करता येतात आणि हवी ती उंची कॉम्प्युटरमध्ये साठवता येते. पहिल्या खेपेला आमच्या उतारावर केलं आणि पुन्हा आकडे चुकले. दुसऱ्यांदा बाजारपेठेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, रविवारी पहाटे, पाण्याच्या नळीनं जमीन सपाट आहे का ते बघून. टाकी अर्धी, गाडी रिकामी, टायरमध्ये बरोबर हवा. डावी ४९९, उजवी ५००. तिथेच थांबलो.

गुरुवार, २२ ऑगस्ट

वार्षिक तपासणीत गाडी पास झाली. तपासनीसानं वेल्डिंग पाहिलं, काही बोलला नाही.

शनिवार, ३१ ऑगस्ट

वजनाची चाचणी. मागे बागेच्या मातीच्या २५ किलोच्या दहा पिशव्या भरल्या. भरता भरता गाडी ३८ मिलिमीटर खाली गेली. दारं लावून इंजिन चालू केलं, कॉम्प्रेसर चाळीसेक सेकंद चालला, दोन्ही बाजू ४९८ वर. पिशव्या काढल्यावर फुस्स करून जादाची हवा सोडली आणि पुन्हा ५००. तो फुस्स आवाज मी गेल्या वर्षभरात ऐकला नव्हता. सोडायला जादा हवा टिकतच नव्हती.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

खर्च: कॉम्प्रेसर ८५, ड्रिलचे बिट ११, स्वस्त फुगे ६२, क्लिपा ९, वेल्डिंग १६०, डनलॉपचे फुगे १४८, टी जोड १४. एकूण ४८९ पौंड. त्यातला कॉम्प्रेसर, बिट आणि पहिली जोडी मिळून १५८ पौंड लागायलाच नको होते. वेळ सुमारे २८ तास, त्यातले चौदा वाया. जुना कॉम्प्रेसर पुसून, तोंडं बंद करून सुटा म्हणून ठेवलाय.

संध्याकाळी ट्रेलर भरला. मखराच्या चौकटी, फळ्या, दोन मोठी पातेली, समया, सतरंज्या. मूर्ती मधल्या सीटवर, बायकोच्या मांडीवर, दोन्ही बाजूंना मुलं. ट्रेलर जोडल्यावर बूड खाली गेलं, सगळे आत बसल्यावर आणखी. इंजिन चालू केलं तसा मागे कॉम्प्रेसरचा बारीक आवाज सुरू झाला आणि गाडी आपली आपण वर आली. "मूर्ती हलली का?" मी विचारलं. बायको म्हणाली, "अजिबात नाही. तू हळू चालव."

हॉलपर्यंत अकरा मैल. पोचल्यावर आधी टेप काढला: डावी ४९७, उजवी ४९८. पिवळा दिवा लागला नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

परवा रात्रभर गाडी ट्रेलरसकट उभी होती. काल सकाळी पूजेला निघण्याआधी मोजलं: ४९७, ४९७. उजव्या सेन्सरच्या दांड्याचा रबरी बूट फाटलेला दिसला. तो मागवलाय, साडेचार पौंडांचा. पुढच्या शनिवारी बदलेन.